कपाळावरचे तिसरे नाव

मी एक जुना रंधा आहे. पण मित्रांनो, लगेच हळहळू नका. माझे पाते अजून चावते.

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बीच नावाच्या झाडाच्या लाकडी ठोकळ्यातून मला घडवले. तिथले सुतार रंधा घेतला, की त्याच्या पुढच्या तोंडावर, कपाळावरच म्हणा, आपल्या नावाचा ठसा ठोकत. नवा मालक जुन्याच्या खाली ठोके. माझ्या कपाळी आधी ऑल्ड्रॉइड आले, मग सग्डेन. मी शाळेची बाके गुळगुळीत केली, जिन्यांचे कठडे केले, शवपेट्याही केल्या. पुढे विजेची यंत्रे आली आणि मी रंगाच्या डब्यांमागे गंजत पडलो. त्याचा राग मला अजून आहे.

एका रविवारी, मैदानात मोटारींच्या डिक्या उघडून मांडलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, हेस्टर प्रिडीने मला उचलले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली ही बाई. सुतारकामाचा नाद नवा, आणि जुन्या रंध्यांसाठी चिखल तुडवायची हौस दांडगी. घरी तिने माझ्या पाठीमागे लाकडी हातोडीची थाप मारून पाते धरून ठेवणारी पाचर सैल केली, पाते दगडावर परजले. मी पाइनच्या फळीवरून लांबच लांब पातळ ढलपी काढली, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली.

तेवढ्यात तिचा मित्र डेस्मंड आला. हा जुन्या अवजारांचा संग्राहक.

"हेस्टर, हा मला दे. काचेच्या कपाटात ठेवतो. तुझ्या डगमगत्या स्टुलांपायी याचं वाटोळं नको."

"स्टूल डगमगतं, मी नाही. चहा पी आणि गप बस."

"अगं, असा नमुना मिळत नाही! माझे हवे ते रंधे बदल्यात घे."

"कपाटात हा करणार काय? तुझं तोंड बघणार?"

डेस्मंड चिडला. "बरं, वापर. पण नाव ठोकू नकोस. खऱ्या सुतारांच्या पंगतीत तुझं नाव? नवा ठसा पडला, की कुठलाच संग्राहक याला हात लावणार नाही."

"कुठलाच नाही? नक्की?"

"नक्की!"

माझा जीव टांगणीला लागला. हेस्टरने खणातून स्वतःच्या नावाचा ठसा काढला. हौसेने करवून घेतलेला, पण ठोकायचा धीर कधी न झालेला. तिने तो सग्डेनच्या खाली टेकवला आणि हातोडी हाणली. नाव जरा तिरकेच उमटले. दुखले, खोटे कशाला बोलू? पण त्या घावासरशी काचेचे कपाट कायमचे टळले. डेस्मंडने कपाळाला हात लावला.

मित्रांनो, आमची काळजी घ्यायचीच असेल तर पाते धारदार ठेवा, लाकडाला तेल पाजा आणि आम्हाला राबवा. नुसते बघायला कुणी आले, तर सांगा, रंधा कामात आहे.