वॉल्टर लोजबीचे टेबल

"पाटी इथं बसेल," डेनिस टेबट टेबलाच्या पुढच्या कडेवर अंगठा टेकवून म्हणाला. "पितळेची. 'हे टेबल रॉन टेबट यांनी बांधले.' बास, लांबण नको."

"हे तुझ्या वडिलांनी नाही बांधलं," बेरिल लोजबी म्हणाली. "माझ्या वडिलांनी बांधलं."

बारपाशी बसलेल्यांनी माना वळवल्या. बेरिल या पबमध्ये सहसा येत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यापासून ती कुठेच फारशी जात नव्हती. पण पबची नवी मालकीण गेल मागचा तबेला रिकामा करत असताना, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली जुने स्किटल्सचे टेबल सापडले, हे बेरिलने दुकानात ऐकले आणि तशीच ती इकडे आली.

नॉर्थॅम्पटनच्या आसपास स्किटल्स असल्याच टेबलावर खेळतात. चामडे मढवलेली बुटकी बैठक, मागे आणि दोन्ही बाजूंना गादीसारख्या फुगीर भिंती, मध्ये नऊ खुंट्या. लांबून लाकडाची जाड चकती फेकून त्या पाडायच्या. हे टेबल बेरिलने दारातूनच ओळखले होते. तिचे वडील वॉल्टर बुटांच्या कारखान्यात चामडे कापायचे. दोन हिवाळे रोज संध्याकाळी ते शेडमध्ये हे टेबल बांधत होते. ते गेले तेव्हा त्यांची राख स्मशानाच्या बागेत टाकली. दगड बसवलाच नाही. त्यांचे नाव कुठेही लिहिलेले नव्हते.

"वॉल्टर?" डेनिस म्हणाला. "अगं, तो चकती घेऊन उभा राहिला की खुंट्या लावणारा निवांत सिगारेट पेटवायचा. काही पडायचंच नाही ना."

सगळे हसले.

"खेळता येत नव्हतं त्यांना. बांधता येत होतं."

"एर्नकाका, तुम्ही सांगा," डेनिस म्हणाला. जुन्या संघातला एर्न पँटर तेवढा उरला होता. कोपऱ्यातल्या बाकावर तो ग्लास धरून बसला होता.

"मी खेळायचो," एर्न म्हणाला. "टेबल कुणी बांधलं ते चकतीला विचारा."

"उजव्या बाजूची गादी उघडा," बेरिल म्हणाली. "आत आमच्या आईच्या गादीतले घोड्याचे केस आहेत. वरून पिवळ्या पडद्याचं कापड. आई नंतर शेवटपर्यंत निम्म्या गादीवर झोपली."

"वॉल्टरनं बायकोची गादी पळवली? हे मात्र पटतं मला."

गेलने सुरी आणून दिली. "उसवलं की उसवलं हं. नंतर मला सांगायचं नाही."

डेनिसने चामड्याची खालची शिवण कापली आणि चामडे वर उचलले. आत पिवळे कापड होते, त्यावर विटलेली तपकिरी पाने. बारपाशी कुणीतरी हळूच शीळ घातली. बेरिलने कापडाला बोट लावले.

"बरं, मानलं," डेनिस म्हणाला. मग केसांत हात घालून चाचपताना तो थांबला. "हे काय आहे?"

त्याने केस बाजूला केले. आतल्या फळीवर तळहाताएवढा लाकडी ठोकळा स्क्रूने घट्ट बसवला होता. कोपरे गोल तासलेले, वरून त्याच पिवळ्या कापडाचे आवरण, बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेले.

डेनिसला समजायला वेळ लागला नाही. त्याने केस सारखे केले, चामडे परत ओढून बसवले, मागे रेषेवर गेला आणि चकती फेकली. गादीवर इतरत्र लागलेली चकती जिरून जाई. ठोकळ्यावर लागलेली उसळून परत आली आणि खुंट्यांमधून आडवी गेली. त्याने पुन्हा फेकली. पुन्हा तेच झाले.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं घरच्या टेबलावर आपला संघ हरला नाही. गेल, ती भिंतीवरची ढाल उतरव बाई, लाज वाटते आता. आणि माझा बाप कप्तान. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल."

"कप्तानाला पत्ता नव्हता?"

"चामडं ज्यानं शिवलं त्यालाच माहीत असणार ना, बेरिल."

ती कोपऱ्याकडे वळली. "एर्नकाका, हे करायला कुणी सांगितलं होतं त्यांना? स्वतः तर ते धड खेळतही नव्हते."

एर्नने ग्लासचे बूड पुसले. "मला यातलं काही माहीत नाही, पोरी."

"नंतर कुणीतरी घातलं असेल," गेल मध्येच म्हणाली. ती भली बाई होती. "टेबल वडिलांचं, ठोकळा दुसऱ्या कुणाचा. असं असू शकतं की नाही, बेरिल? सांगा तुम्ही."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. हो म्हटले असते तर कुणी पुढे विचारले नसते. बेरिलने वाकून चामड्याची उसवलेली कड उचलली आणि आत पाहिले. शाळेत असताना तिच्या दप्तराचा पट्टा दोनदा तुटला होता, आणि दोन्ही वेळा तो याच टाक्याने शिवला गेला होता.

"नाही," ती म्हणाली. "टाका त्यांचाच आहे."

"मग झालं तर," डेनिस म्हणाला. "पाटीवर वॉल्टर लोजबी. मोठ्या अक्षरांत. आपण कुणाचं श्रेय लाटणारी माणसं नाही."

पबमध्ये हशा पिकला. मग प्रत्येकालाच ती जादू करून पाहायची होती. माणसे ग्लास ठेवून रेषेमागे उभी राहिली.

"खुंट्या कोण लावणार?" कुणीतरी विचारले.

"बेरिल आहे की तिथंच," डेनिस म्हणाला. "लाव गं जरा."

तिने पर्स खाली ठेवली आणि नऊही खुंट्या लावल्या. चामडे परत बसल्यावर ठोकळ्याची जागा बाहेरून कळत नव्हती. एकाची चकती वीतभर वर लागली, दुसऱ्याची पार मागच्या भिंतीवर. तिसऱ्याने चार वेळा फेकून एकदा साधले, तेव्हा इतरांनी त्याला वॉल्टरचा जावई म्हटले. दरवेळी ती पडलेल्या खुंट्या उचलून उभ्या करत होती.

"काका, या की," डेनिसने हाक मारली. "एकदा तरी."

एर्न नको म्हणाला. दोघांनी त्याला काखेत धरून उठवले. मोतीबिंदूमुळे त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नसे, आवाजावरून तो माणूस ओळखायचा. त्याला रेषेवर उभे करून कुणीतरी त्याच्या हातात चकती दिली. त्याने ती तळव्यात एकदा फिरवली, डावा पाय अर्धे पाऊल पुढे सरकवला आणि फेकली.

चकती बरोबर ठोकळ्यावर लागली. नऊच्या नऊ खुंट्या आडव्या झाल्या.

"नशीब लागतं हो," डेनिस म्हणाला.

एर्न चाचपडत बाकाकडे परतला. बेरिल उभी होती त्या बाजूला त्याने तोंड केले नाही.

एक खुंटी घरंगळत टेबलाखाली गेली होती. बेरिल गुडघ्यांवर बसली. हात आत घालून तिने ती शोधली, बाहीला पुसली आणि जागेवर उभी केली.