मखरामागचं फ्रेंच चित्र

इथे दुबईत आर्ट कन्सल्टंट म्हणून मिरवणाऱ्या निनादनेच १९९२ साली माझ्या हॉलमधलं उंटांच्या काफिल्याचं जुनं फ्रेंच चित्र उतरवायला लावलं होतं. "शोभनाताई, ही कॅलेंडरछाप कला पॅरिसनेसुद्धा माळ्यावर टाकली," म्हणाला. तेव्हापासून ते दरवर्षी गणपतीच्या मखरामागे देखावा म्हणून लागतं.

यंदा, २००३ मध्ये, हा दर्शनाला आला आणि थेट चित्राला नाक लावून उभा राहिला.

"मास्टरपीस! इथले बडे कलेक्टर हल्ली असलीच चित्रं शोधतायत. यल्ला, चला, आत्ताच काढून द्या!"

माझं डोकंच फिरलं.

"चित्र तेच आहे, निनाद. तुझे डोळे भाड्याचे! पुढ्यात गणपती बसलाय, तो दिसला का? की त्याचीही फॅशन यायची वाट बघतोयस?"