तेरवीच्या दानाचा ड्रम

शनिवारी शाळेच्या पटांगणात चारेकशे माणूस जमलं होतं. पालकसभेला बोलावलं तर सहा जण येतात, त्यातले दोन तंबाखू मळायला. पण शाळेतलं भूत निघणार म्हटल्यावर बायांनी धानाच्या बांधीतलं निंदण टाकलं, शेजारच्या करडीहून बैलबंड्या आल्या आणि एका शहाण्यानं कडेला फुटाण्यांचं दुकानसुद्धा मांडलं.

मधोमध तीन विटांच्या चुलीवर कढई, कढईत जवसाचं तेल. पुढे केवळराम भगत. कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या आणि तोंडाला विश्रांती नाही.

"हर बोला! हे पाहा, तेल उकळून राहिलं! पापी असन तं भाजन, साचा असन तं थंडं लागन!"

त्यानं कोपरापर्यंत हात घातला. तेल फसफसत वर आलं. तळातला तांब्याचा छल्ला काढून त्यानं हात चारी दिशांना फिरवला. साधा चट्टासुद्धा नाही. माणसं आडवी पडली त्याच्या पायांवर.

मी त्या शाळेचा हेडमास्तर. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि मी तिच्यावर बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी मोठा सुधारक होतो असं तुम्हाला वाटायचं.

हे सगळं सुरू झालं अठ्ठ्याहत्तर सालच्या भादव्यात. गावच्या शेतकी सोसायटीचे अध्यक्ष सोमाजी पाटील यांनी बापाच्या तेरवीला शाळेला पाण्याचा ड्रम दान दिला. कोरा आकाशी रंग, वर पांढऱ्या अक्षरांत बापाचं नाव. नारळ फुटला, मी आभाराचं भाषण ठोकलं. त्याच सभेत ठरलं की गावकुसाबाहेरच्या टोलीवरच्या पोरांनी ड्रमला हात लावायचा नाही. त्यांनी विहिरीवर जावं, कवडू शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतेल. ठरलं म्हणजे पाटील बोलले आणि मी मान हलवली.

आठवडाभरात गावातली पोरं पडायला लागली. आधी गरगरायचं, मग ओकारी, मग हातपाय ताठ आणि तोंडाला फेस. सोमवारी सगळ्यात जास्त. पाटलांची नात रुखमिणी तर तीनदा पडली. डॉक्टरला बोलवा, असं मी एकदा हळूच म्हणून पाहिलं. पाटलांनी भगताला बोलावलं.

भगतानं शाळेभोवती फेरी मारली, लिंबू कापलं, आकाशाकडे पाहून ढेकर दिला आणि विचारलं, "पडत नाई असं कोन हाये?"

टोलीवरची सातही पोरं ठणठणीत होती.

"तं मंग करनारं तिथंच हाये!"

सातांमधून त्यानं चंद्रकलेकडे बोट दाखवलं. सातवीतली पोर, बाप नाही, आई आनंदाबाई दुसऱ्याच्या धानरोवण्यावर जाणारी. चंद्रकला वर्गात पहिली यायची, हाच तिचा गुन्हा ठरला.

"टोलीवरच्या पोरीले इतकी अक्कल आली कोठून?" भगत ओरडला. "हे शाळेतली इद्या नोहे, करणीची इद्या हाये!"

मग त्यानं उपाय सांगितला. तीन दिवस शाळेत अन्नपाणी वर्ज्य, ड्रम उपडा. बुध, गुरू, शुक्र. तिन्ही दिवस एकही पोर पडलं नाही. गावानं हात जोडले. त्या तीन दिवसांचा मी नीट विचार केला असता तर पुढचं टळलं असतं. पण मीही मनात म्हटलं, काहीतरी असेल बुवा.

आणि शनिवारी ही कढई.

भगतानं हात काढल्यावर पाऊण तास आख्यान लावलं. त्याचा चेला चुलीत एकामागून एक काड्या सरकवत होता. आता तेलातून निळसर धूर निघत होता. धूर निघणारं तेल काय करतं हे माझ्या बायकोला कळतं, मला कळतं, त्या पटांगणातल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

"आता पोरीनं छल्ला काढाचा," भगत म्हणाला.

आनंदाबाई पाटलांच्या पायांवर पडली. "मालक, पोर हाये जी! गाव सोडून जातो आमी!"

"साची असन तं भेते कायले?" पाटील म्हणाले.

चंद्रकला रडली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम मी तिला दिलं होतं, तिचं अक्षर सुरेख म्हणून. त्या आठवड्यात मीच सांगितलेला सुविचार तिनं लिहिला होता : सत्याला आच नाही.

"गुर्जी, मी तं काहीच केलं नाही," ती म्हणाली. "घालू हात?"

मी खाली पाहिलं.

तिनं हात घातला.

ती किंकाळी मी लिहून सांगणार नाही. आनंदाबाईनं पोर उचलली आणि एका बंडीवाल्यानं, तोही टोलीचाच, तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. गाव म्हणालं, "पाहा, पापीच होती." फुटाणे सगळे खपले. ड्रम पुन्हा भरला, शाळेवर लाल कापडाचा झेंडा लागला आणि सगळे जेवायला गेले.

सोमवारी नऊ पोरं पडली.

चंद्रकला तर दवाखान्यात होती. मग करणी केली कोणी? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला तेव्हा मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. उपवासाच्या दिवशी पाणी नाही, तर आकडी नाही. टोलीची पोरं विहिरीचं पितात, त्यांना काही नाही. शनिवारी दुपारी भरलेलं पाणी सोमवारपर्यंत ड्रमात मुरतं, म्हणून सोमवारी जास्त. मी कवडूचा विळा घेतला आणि कोऱ्या रंगाखाली काय आहे ते पाहायला पाटलांच्या बापाच्या नावावरच खरवडायला लागलो.

गाव धावत आलं. "मास्तर, येडा झाला का?" पाटील ओरडले.

आकाशी रंगाचे पापुद्रे निघाले. खालून कवटी निघाली, तिच्याखाली दोन हाडं आणि लाल अक्षरं : विष. धानाच्या किडीवर मारायचं औषध होतं ते, सोसायटीच्या गोदामातलं.

"पाटील, हे घ्या तुमचं भूत!"

"आमी राखेनं तीनदा घासला होता जी," पाटील पुटपुटले. "येवढा मजबूत ड्रम, फेकून काहून द्याचा?"

भगत ओट्यावर बसला होता. मी त्याच ड्रमातून पेला भरून त्याच्यापुढे धरला. "महाराज, तुम्ही तर साचे. प्या."

"माहा उपास हाये," भगत म्हणाला.

मग कवडू पुढे आला. शनिवारची कढई त्यानं घासली होती. तळाशी लिंबाच्या जळक्या बिया आणि चुलीमागे खायच्या सोड्याची रिकामी पुडी सापडली होती. भिऊन गप्प बसला होता बिचारा. मी तिथेच कढई मांडली. तळाशी लिंबाचा रस, वर तेल, चूल नुसती कोमट, वरून सोडा. तेल फसफसलं. मी कोपरापर्यंत हात घातला आणि काढला. काही झालं नाही. भगतानं थंड तेलात हात घातला होता आणि पोरीला पाऊण तास तापवलेल्यात घालायला लावला होता. मान वर केली तेव्हा भगत बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून पळत होता, चेला त्याच्या पुढे.

ड्रम आम्ही फोडून पुरला. शाळेत रांजण आला, आणि त्यातलं पाणी सगळ्या पोरांनी आपल्या हातानं घ्यायचं, हे मी पाटलांच्या तोंडावर सांगितलं. रुखमिणीची आकडी थांबली, म्हणून पाटील गप्प बसले.

दिवाळीनंतर चंद्रकला आली. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. दप्तर आईच्या काखेत होतं. मी खूप काही बोललो : भगत पळाला, ड्रम पुरला, रांजण आला, डाव्या हातानं लिहायला मी शिकवेन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गुर्जी, तेल पोळते हे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

मी नोकरी संपेपर्यंत दर वर्षी नव्या शिक्षकांना ही गोष्ट सांगितली, आता तुम्हाला सांगतो आहे. शाळेत पोर पडलं तर आधी पाणी पाहा, अन्न पाहा, डॉक्टर बोलवा. आणि कोणी पोरीला कढईपुढे उभं केलं तर खुर्चीवरून उठा आणि बोला, तिनं हात घालायच्या आधी. नंतर माझ्यासारखी अक्कल कोणालाही येते.