तीनशे शहाण्णव ग्रॅम

"एजे, चारशे पाच लिहा. नऊ ग्रॅमनं कुणाचं काय बिघडतंय?"

बुरुलने काट्याकडे पुन्हा पाहिलं. तीनशे शहाण्णव. गिनिपिग अंग फुगवून, डोळे मिटून बसलं होतं. दर श्वासाला त्याची कूस आत ओढली जात होती.

"काही बिघडत नसतं तर तुम्ही खाली उतरून आला नसता, डॉक्टर," ती म्हणाली.

बिश्केकच्या त्या प्रयोगशाळेत जनावरं सांभाळण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती; सगळे तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत. पूर्वी विचारणारं कुणी नव्हतं. क्षयाची लागण केलेले जीव आठ-आठ दिवस तडफडत, आणि ती नुसता भुसा बदलायची. मग नियम आले. पन्नाशीत परीक्षा देऊन तिने परवाना मिळवला. या प्रयोगाच्या परवानगीत स्वच्छ लिहिलं होतं: वजन चारशेच्या खाली गेलं, की त्याच दिवशी जनावराला सुई देऊन यातनेतून सोडवायचं. निर्णय परवानाधारकाचा.

"शुक्रवारपर्यंतच हो!" डॉक्टर तालाय काकुळतीला आला. "पाच तरी उरले पाहिजेत, आणि हा पाचवा. हा गेला तर सगळं पहिल्यापासून. नव्या परवानगीत वर्ष जाईल." तो जरा घुटमळला. "सोनुनकडे वर्ष आहे का, एजे?"

सोनुन तिची मुलगी. कुठल्याच गोळीला दाद न देणारा क्षय घेऊन चौदा महिने इस्पितळात पडली होती. या गिनिपिगांवर तपासलं जाणारं नवं औषध तिच्यासारख्यांसाठीच होतं.

गिनिपिगने तोंड उघडून हवा ओढली. बुरुलचा हात पेनवर तसाच थांबला. मग तिने वहीत तीनशे शहाण्णव लिहिलं.

"तिचं नाव इथे काढायचं नाही," ती म्हणाली आणि सुई भरायला वळली. तालाय दार न लावताच निघून गेला. तिने गिनिपिगला तळहातावर घेतलं. त्याची धडधड थांबेपर्यंत खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली.

"आपा, माझे उंदीर काय म्हणतायत?" मास्कमागून सोनुनने आईला विचारलं.

"उंदीर नव्हेत गं ते." बुरुल खाटेपाशी उभीच राहिली. "प्रयोग बंद पडला. मी पाडला."

"का?"

"एकाला श्वास घेता येईना."

सोनुनने तोंड भिंतीकडे वळवलं. खोकल्याची उबळ आली, गेली. बऱ्याच वेळाने तिने पाय आखडून घेतले आणि आईला बसण्यापुरती जागा केली.