दिवाळी करूनच ये

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या युनिव्हर्सिटीत तनयाला फार्मसीला जागा मिळाली, तेव्हा तिच्या आईने, वीणाने, मिल्टन कीन्समधल्या अर्ध्याअधिक मराठी घरांत पेढे पोचवले. पुढच्याच आठवड्यात ईमेल आली: तनयाला इथे कायमचं राहायची परवानगी नाही, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांची फी पडेल, इथल्या मुलांच्या जवळजवळ तिप्पट, आणि सरकारी कर्जही मिळणार नाही. पोरगी सहा वर्षं इथल्या शाळेत जातेय, परदेशी कशी? काहीतरी घोळ झालाय, असं म्हणत वीणा नवऱ्याला, अजयला, आणि लेकीला घेऊन पिनरला सान्यांकडे गेली. पुरुषोत्तम साने इमिग्रेशनचे वकील.

"माझ्या डोक्यातच शिरत नाहीये," ती म्हणाली. "अजयची पाच वर्षं झाली, त्याला कायमचं राहायची परवानगी मिळाली. मग तनयाला का नाही?"

"आईवडील दोघांना मिळाल्याशिवाय मुलांना मिळत नाही, वहिनी. आणि तुमच्या पाच वर्षांत खंड पडलाय. वर्षात सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात, आता निदान दोन वर्षं थांबावं लागेल."

वीणा विचारात पडली. देशाबाहेर? ती कुठे बाहेर गेली होती? ती तर माहेरी गेली होती! धाकट्या स्वानंदच्या वेळी सातवा लागल्यावर नागपूरला. मग बाळंतपण, डिंकाचे लाडू, बारसं. सहा महिने व्हायला आले तेव्हा निघायचं ठरलं, तर दिवाळी पंधरा दिवसांवर. बाळाची पहिली दिवाळी आजोळी नको का? अजयनेच फोनवर सांगितलं, "दिवाळी करूनच ये." लवकर ये म्हणणारी एकटी तनया होती, आणि शाळकरी पोरीचं कोण ऐकतं!

"काही गुंतागुंत झाली होती का?" सान्यांनी आशेने विचारलं. "डॉक्टरांचं पत्र असेल तर प्रयत्न करता येईल."

"छे हो, सगळं अगदी सुखरूप झालं," वीणा सवयीने बोलून गेली. सान्यांनी पेन खाली ठेवलं. सुखरूप झालं हेच चुकलं की काय? तिला काही म्हणजे काही उमगेना. अजय तर खिडकीबाहेरच बघत बसला होता.

घरी आल्यावर तनया अडीच वर्षांच्या भावाला वरणभात भरवायला बसली.

"आई, मी तर इथेच होते ना? वन डे पण कुठे गेले नाही. बाबाचा डबा मी भरायची. मग माझा फी का वाढला?"

वीणाला रडू फुटलं. "चुकलं गं माझं. त्या पंधरा दिवसांपायी तुझी दोन वर्षं घालवली मी. स्वानंदच्या वेळी इथेच राहिले असते, तर आज..."

"श्श!" तनयाने झटकन भावाचे दोन्ही कान झाकले. त्याला खेळ वाटला, भरल्या तोंडाने तो खिदळला.

"ह्याला कधीच सांगायचं नाही," तनया म्हणाली. "प्रॉमिस कर, आई."