ताईच्या चादरीवरचं फूल

भाऊजी रिकाम्या हातांनी घरी यायचे, पण रिकाम्या तोंडाने कधी आले नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली आणि दर वर्षी एकदा मुलांची सहल घेऊन गावाबाहेरच्या त्या मोठ्या वनस्पती उद्यानात गेले. संध्याकाळी ते चपला काढत असतानाच ताई दारात उभी राहून विचारायची, आज काय काय पाहिलंत. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे दोन तासांच्या वर तिला घर सोडता येत नसे. भाऊजींचं सांगणं हीच तिची सहल. पुढे सासूबाई गेल्या, पण घर न सोडायची सवय तेवढी मागे ठेवून गेल्या.

ताई भरतकाम करते. उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, चादरी. भाऊजींनी एका वर्षी काचघरातल्या निळ्या फुलाबद्दल सांगितलं आणि ते तिच्या मनात बसलं. पुढच्या सहलीच्या आदल्या रात्री तिने बजावलं, त्याचं पान कसं आहे ते नीट बघून या. मग एका वर्षी देठ, एका वर्षी कळी, एका वर्षी फुलाचा घसा. असं चार-पाच सहलींत ते फूल पुरं झालं. निळ्या पाकळ्या, लव असलेला जाड देठ, वरून हिरवं आणि खालून तांबडं पान, घशात पिवळे ठिपके. त्या फुलावर ताईचं नाव झालं. गिऱ्हाइकं दारातूनच म्हणायची, ते काचघरातलं द्या.

यंदा एका मोठ्या प्रदर्शनासाठी तिची चादर निवडली गेली आणि घरी एक अर्ज आला. त्यात एक रकाना होता, फुलाचं नाव. खाली बारीक अक्षरात धमकी, माहिती चुकीची आढळल्यास प्रवेशिका रद्द. ताई म्हणाली, त्यात काय अवघड, उद्यानात जाऊ आणि पाटी वाचून येऊ, हे दाखवतीलच.

भाऊजींनी चहा कपातून बशीत ओतला आणि बशीतून पुन्हा कपात. मी पस्तीस वर्षं एका रुग्णालयाच्या भांडारात काढली आहेत. नोंदवहीत बारा चादरी आणि फडताळात नऊ, हे उघडकीला येण्याआधी माणूस कसा बसतो ते मला ठाऊक आहे. अगदी तसेच ते बसले होते. जिना उतरताना त्यांनी मला गाठलं आणि हळूच विचारलं, बागेचा नकाशा कुठे मिळेल का. सव्वीस वेळा जाऊन आलेल्या माणसाला नकाशा कशाला, असं मी म्हटलं. तर म्हणाले, आता सगळं बदललं असेल रे.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. फाटकातून आत शिरताच भाऊजी मोठ्या ऐटीत डावीकडे वळले आणि आम्हाला थेट स्वच्छतागृहांपाशी घेऊन गेले. ताई म्हणाली, एवढी काही घाई नाही मला. त्यानंतर मात्र गडी सावरला. पाणवनस्पतींच्या तळ्यापाशी त्यांनी काठाखालची एक फट दाखवली, इथे बेडूक असतो. होता. वेलींच्या मांडवात खांबाच्या बुडाशी कुणीतरी कोरलेला मासा दाखवला. नळ कुठला गळतो, कुठल्या कठड्यातून डोकं आत जातं पण बाहेर येत नाही, सगळं अचूक. पण मांडवावरून लोंबणाऱ्या, हातभर लांब फुलांच्या घोसांकडे ते आ वासून बघत राहिले. माझ्या ध्यानात आलं की या माणसाची माहिती जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पक्की आहे आणि त्याच्या वर कोरी पाटी. माल मोजून होईस्तोवर बोलायचं नाही, ही माझी जुनी शिस्त.

सावलीतल्या झाडांच्या विभागात ताई एकदम खाली वाकली. एक पान तिने बोटाने उलटं केलं. खालून तांबडं. तिचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. हेच, हेच ते पान, असं पुटपुटत ती झाडाला फूल शोधू लागली. फूल होतं, पण करंगळीच्या नखाएवढं आणि गुलाबी. पुढे वाळवंटी झाडांच्या काचघरात तिला तो लव असलेला देठ सापडला, भलत्याच काटेरी झाडावर. निळ्या पाकळ्या औषधी वनस्पतींच्या वाफ्यात निघाल्या, तिथे पान सुईसारखं बारीक. ताई प्रत्येक ठिकाणी थांबायची, बघायची आणि पुढे चालायची. भाऊजी दहा पावलं मागे, सामान हरवलेल्या प्रवाशासारखे.

गुलाबांच्या विभागात बाक होता. ताई बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "अहो, हे एका झाडाचं नाहीच. तीन ठिकाणचं आहे. तुम्ही नक्की काय बघत होतात?"

भाऊजी उभेच होते. "मी कधी आत आलोच नाही," ते म्हणाले. "बस सोडायची नाही असा नियम होता. मुलांची दप्तरं, डबे, सगळं बसमध्ये. मी बाहेरच असायचो."

"सव्वीस वर्षं?"

"पहिल्या वर्षी तू विचारलंस, तेव्हा पोरांनी येताना जे सांगितलं ते सांगितलं. मी पाहिलं असं म्हटलं नव्हतं. तूच धरून चाललीस, आणि मग तुझं तोंड बघून मोडवेना."

पुढच्या वर्षापासून ते परतीच्या वाटेवर मुलांना विचारायचे, त्या निळ्या फुलाचं पान कसं रे होतं. मुलांना कुठलं निळं फूल आठवतंय. ज्याला जे पान आवडलं, ते त्याने सांगून टाकलं.

घरी ताई रागावली की भांडी बोलतात. इथे भांडी नव्हती, त्यामुळे काय होणार याचा मला अंदाज येईना. मग तिने विचारलं, "पान कोणी सांगितलं?"

"दुसऱ्या बाकावरची एक होती, दोन वेण्यांची. तिला गाडी लागायची, म्हणून पुढे बसवायचो. पाणी प्यायला वाकली होती, तेव्हा पान खालून दिसलं तिला."

"आणि देठ?"

"मागच्या सीटवरचा लठ्ठू. नको म्हटलं तरी हात लावला. पुढं रस्ताभर बोट चोखत बसला होता."

ताई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत. मी तीन मजले गॅसची टाकी वर वाहून नेली तेव्हा मला "तिथे ठेव" एवढंच म्हणालेली ही बाई, उठून पुन्हा सावलीतल्या झाडांकडे चालू लागली. त्या पानापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पोरीचे उपकार आहेत हो माझ्यावर. आता तिलाही पोरं झाली असतील." काचघरात जाऊन लठ्ठूचेही मानले. पाकळ्या पाहिलेल्या मुलाचं सांगताना भाऊजींना त्याचा चेहरा आठवेना, फक्त त्याच्या डब्याचं झाकण लागत नसे एवढंच आठवलं. ताईला तेवढंही पुरलं. आज ती तिची खरी सहल करत होती, आणि या खेपेला वाटाड्याला प्रत्येक वळण ठाऊक होतं.

परत गुलाबांपाशी येऊन ताई बाकावर बसली तेव्हा, अर्जाचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, खरं तेच लिही. या फुलाला नाव नाही, शाळेच्या सहलीतल्या मुलांनी मिळून सांगितलेलं आहे. रद्द करणार असतील तर करोत, चादर माझ्याकडेच राहील. मी तिथेच बाकावर अर्ज काढून लिहिलं. लिहिता लिहिता माझा जुना स्वभाव आड आला. मी म्हटलं, पान झालं, देठ झाला, पाकळ्या झाल्या. घशातले पिवळे ठिपके अजून जुळले नाहीत, आणि बाग तर संपत आली.

ठिपके सगळ्यात किचकट. एकेक म्हणजे गाठीचा टाका, नेमक्या जागी, एक जरी सरकला तरी फुलाचं तोंड वाकडं. ताईचा चष्मा त्या ठिपक्यांनीच लागला, असं ती म्हणते. तिने भाऊजींकडे पाहिलं. "ठिपके कोणाचे?"

भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"त्या वर्षी पोरं दमली होती," ते म्हणाले. "बस सुटली तशी सगळी झोपली. उठवावंसं वाटेना. घरी आलो तर तू दारात. काहीतरी सांगायला हवं होतं."

"म्हणजे तुमच्या मनाचे?"

"हो. सात सांगितले होते."

ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली आणि बाकावर सरकून त्यांना जागा केली.

"मी नऊ काढते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. सात मला कमी वाटले होते."