सगळ्यांना तीन तास

डायलिसिसच्या खोलीतल्या पाच मशीनपैकी एक बंद पडलं आणि मोठ्या सिस्टरांच्या जिवाला घोर लागला. सुटा भाग कधी येईल, कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तीस पेशंट, प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा चार तास. चार मशीनवर चोवीसच बसत होते. डॉक्टरांनी यादी सिस्टरांपुढे सरकवली. सहा नावं तुम्हीच काढा, तुम्ही सगळ्यांना ओळखता, असं म्हणून ते राउंडला निघून गेले.

ओळखत होत्या, तीच तर पंचाईत होती. कुणाच्या हाताची शीर कुठे सापडते, हेही त्यांना पाठ होतं. दोन दिवस पेन नुसतं फिरत राहिलं. यादीची कुणकुण पेशंटांना लागली. त्यांतले सत्तरी ओलांडलेले टेलरकाका आपणहून म्हणाले, माझं नाव खोडा, फक्त मुलीला कळू देऊ नका. सिस्टरांनी ते उडवून लावलं.

शेवटी त्यांनी सगळ्यांचाच एकेक तास कापला. दिवसाला तीनऐवजी चार पाळ्या झाल्या, तिसांची सोय लागली. डॉक्टर खूश झाले.

तिसऱ्या आठवड्यात पायांवर सूज दिसू लागली. पायऱ्या चढताना लोकांना धाप लागायची. कुणी तक्रार करत नव्हतं. नुसते घड्याळाकडे बघत पडून राहायचे.

टेलरकाका मात्र बोलले. "कापड कमी पडलं, म्हणून तुम्ही सगळ्यांच्याच बाह्या आखूड केल्यात, सिस्टर. आता एकालाही धड बसत नाही."

"मग कुणाला उघडं ठेवायचं होतं?"

"मला. सांगितलं होतं की."

"आणि बाकीचे पाच?"

काकांनी सुईचा हात पुढे केला. सिस्टरांनी त्यांची सुई काढली. दाराशी पुढच्या पाळीची माणसं येऊन उभी होती.

सुटा भाग एकोणचाळिसाव्या दिवशी आला. तोवर दोघं गेले होते. त्यातली एक सव्वीस वर्षांची. पूर्ण चार तास मिळाले असते तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

तिचा नवरा कागद न्यायला आला. सिस्टर शब्द जुळवत होत्या, तोच त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही यादीतून तिचं नाव काढलं नाहीत," तो म्हणाला. "फार उपकार झाले."

तो रडत राहिला. सिस्टरांना हात सोडवून घेता येईनात.